एक फ्रेश लाईम, गोड-खारट

देहूतल्या माणसाला, त्यातून गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला, तळवड्यापासून चाकणपर्यंतच्या परमिट रूम तोंडपाठ असाव्यात, हे ऐकायला बरं वाटत नाही. पण आमच्या आप्पाला आहेत. कुठल्या टेबलावर एसीचं पाणी ठिबकतं, कुठे मसाला पापड भाजका येतो आणि कुठे तळलेला, कुठला वेटर पहिल्या राउंडनंतर गायब होतो, कुठे 'फॅमिली सेक्शन' म्हणजे नुसतं एक प्लायवूड आडवं मारलंय, सगळं आप्पाला विचारावं. आणि आप्पाच्या घशाखाली आजवर थेंब गेलेला नाही.

तसा न पिणारा एकजण कंपनीतल्या प्रत्येक ग्रुपात असतो. कुणाची डॉक्टरने सोडवलेली असते, कुणाची बायकोने. हे लोक बारमध्ये आले की घड्याळाकडे बघत राहतात आणि दहाच्या आत 'उद्या फर्स्ट शिफ्ट आहे' म्हणून उठतात. आप्पा त्यातला नाही. त्याला बसायला आवडतं. पिणारा शेवटी कुठेही बसतो, गाडीच्या डिकीवरसुद्धा. आप्पाला जागा लागते.

आत शिरल्यावर तो आधी दारातच उभा राहतो. डोळे अंधाराला सरावले की निवड सुरू. "हितं नको, टीव्हीखाली मान दुखती." "हितं नको, बाथरूमची वाट हाय." "हा बल्ब तोंडावर येतोय, बोलणार कोण मग?" हे शेवटचं त्याचं आवडतं शास्त्र. लख्ख उजेडात माणूस फक्त सुपरवायझरबद्दल बोलतो, दिवा मंद झाला की घरचं बोलायला लागतो, असं आप्पाचं मत आहे आणि मला ते खोडून काढता आलेलं नाही. माशांची टाकी असेल तर तो तिच्याशेजारीच बसणार. मासे खायचे नाहीत, बघायला माळेची हरकत नाही.

मग ऑर्डर. "माउली, एक फ्रेश लाईम सोडा, गोड-खारट. शेंगदाणे उकडलेले आहेत का? कांदा बारीक, लिंबू वेगळं." आमच्याकडे वळून, "तुम्ही घ्या हो, मी आहे ना." हे वाक्य तो कंपनीतही म्हणतो, दवाखान्यातही म्हणतो, पण बारमध्ये त्यातली भीती आम्हालाच ठाऊक. कारण आमचा पहिला पेग ओठाला लागेपर्यंत चना कोळीवाड्याच्या प्लेटीचा तळ दिसायला लागतो. एकादशीलासुद्धा तो येतो. फक्त त्या दिवशी बटाट्याचे वेफर्स त्याच्या बाजूला सरकवून ठेवायचे. आषाढी-कार्तिकीला हा प्रश्न येत नाही, त्या दिवशी सरकारच ड्राय डे ठेवतं. "वर्षातनं दोन तरी एकादश्या सगळ्यांनाच पाळाव्या लागत्यात," असं तो फार समाधानाने सांगतो.

कायदाही त्यालाच माहीत. नवीन ट्रेनी पोरगं सोबत असलं की त्याचं जन्मसाल विचारून घेतो: बिअरला २१ पूर्ण पाहिजेत, हार्डला २५. पाटीवर 'परमिट रूम' का लिहिलेलं असतं, १९४९ चा दारूबंदीचा कायदा अजून कसा जिवंत आहे आणि कागदोपत्री प्रत्येक पिणाऱ्याकडे परवाना कसा हवा, हे तो इतक्या गंभीरपणे सांगतो की पोरगं ग्लास खाली ठेवतं. हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू नको हा सुप्रीम कोर्टाचा आदेश २०१७ च्या एप्रिलमध्ये लागू झाला, तेव्हा पिणारे हवालदिल झाले होते. आप्पा बाईकवरून हिंडून 'हा आत, तो बाहेर' अशी यादी करून आला. स्वतः लिंबू सोडा पिणारा माणूस. वहिनी म्हणाल्या, एवढं पोराच्या अॅडमिशनला हिंडला असतात तर!

एकदा पगारवाढीचा करार झाला, फरकाची रक्कम हातात आली आणि आम्ही थेट मुंबई गाठली. कुलाब्याला काफे माँडेगार. भिंतीभर मारिओ मिरांडांची चित्रं, कोपऱ्यात ज्यूकबॉक्स. आम्ही बसल्याबसल्या पिचर मागवला. आप्पा बसलाच नाही. सोड्याचा ग्लास हातात धरून तो भिंतीभिंतीने फिरला, एकेका चित्रासमोर थांबला, लोकांच्या डोक्यावरून वाकून बघत होता. एका गोऱ्या बाईने त्याला मॅनेजर समजून बिल मागितलं. तिथून जवळच लिओपोल्ड, १८७१ चं. तिथे २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा अजून भिंतीत ठेवल्यात. आप्पाने त्या बघितल्या, हात जोडले आणि मग बाहेर येऊन म्हणाला, "खुर्च्या लई जवळ-जवळ हायेत." परत आल्यावर ग्रुपमधल्या बाकीच्यांना मुंबई विचारली तर एकालाही एक चित्र सांगता येईना. आप्पा मात्र अजून सांगतो, कुठल्या चित्रातल्या बाईचं नाक कसं होतं ते.

घरच्यांना तो डेक्कनला गुडलकमध्ये नेतो. १९३५ चं हॉटेल, बन मस्का, चहा. तिथेही आधी दारात उभा राहतो. वहिनी सरळ जाऊन पहिल्या रिकाम्या खुर्चीवर बसतात.

मध्यंतरी मुलाने त्याला बालेवाडीकडच्या एका गच्चीवरच्या बारमध्ये नेलं. मुलगा आयटीत. मेनू मोबाइलवर, दिवे जांभळे, संगीत असं की शेजारच्याला मेसेज करावा लागतो. लिंबू सरबताचं नाव तीन ओळींचं आणि किंमत ३८० रुपये. आप्पाने तेही सोसलं. पण शेंगदाणे मागितले तेव्हा पोराने पान सरकवून दाखवलं: पीनट मसाला, किंमत वेगळी. आप्पाच्या चेहऱ्यावरचं पाणीच गेलं. "शेंगदाण्याचं पैसं घेत्यात?" हे तो आठवडाभर लाईनवर ज्याला त्याला सांगत होता.

कॉन्ट्री काढायची वेळ आली की मात्र आप्पा वाद घालत नाही. आम्ही शरमेने म्हणतो, तुझं फक्त सोड्याचं दे. तो सारखा वाटा काढून टेबलावर ठेवतो. "तुम्ही प्यायला, मी खाल्लं. फिट्टमफाट." हिशेब बघितला तर आम्हीच त्याला देणं लागतो की तो आम्हाला, ते अजून ठरलेलं नाही.

घरून फोन आला की इतर सगळे ग्लास घेऊन पळतात, कुणी जिन्यात, कुणी पार्किंगमध्ये. आप्पा टेबलावरच उचलतो. "रामकृष्ण हरी. हां, बारमध्ये बसलोय. भाजी आणू का?"

त्याला सगळं आठवतं, ही खरी अडचण. कोण रडला, कुणी साहेबाची नक्कल केली, कुणी बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचं बोलून टाकलं. दुसऱ्या दिवशी कँटीनला आम्ही त्याच्या नजरेला नजर देत नाही. तो कुणाचं काही कुणाला सांगत नाही. फक्त चार दिवसांनी एखाद्याला बाजूला घेऊन म्हणतो, "पतसंस्थेत माझी ओळख हाय, जामीन मी राहतो." ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूतून निघते, दुसऱ्या दिवशी आकुर्डीत मुक्काम. तेवढं अंतर अख्खा ग्रुप त्याच्यामागे चालतो, थर्ड शिफ्ट करून आलेलेसुद्धा. न बोलावता.

रात्री परतताना गाडी अर्थात आप्पाकडे. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात नाकाबंदी असली की मागच्या सीटवर शांतता पसरते आणि आप्पाला हुरूप येतो. हवालदाराने हात करायच्या आत तो काच खाली करतो, वाकून मशीन मागतो, छाती भरून फुंकतो आणि शून्य आल्यावर आमच्याकडे वळून बघतो. कधी नुसतंच 'जा' म्हणून सोडलं तर तो हिरमुसतो. "अहो, बघा तरी," म्हणून थांबून राहतो, मागून हॉर्न वाजत असताना. आता तिथले एकदोघं त्याला ओळखायला लागलेत. परवा मशीन बाहेर न काढताच एकाने विचारलं, "काय आप्पा, आज कुठं?"

आप्पाने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून सांगायला सुरुवात केली. "जागा चांगलीय. टाकी हाय माशांची, दिवा मंद. पण पापड मऊ होता साहेब, जाऊ नका."