शिवेवरचा बागायतदार

शीव म्हणजे हद्द. इंग्रजांचा मुलूख इथे संपायचा, खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांची. म्हणून १६६९ ते १६७७ या काळात इथल्या टेकडीवर किल्ला उभा राहिला. आता किल्ल्याची पडझड झाली, पोर्तुगीजही गेले. पण हद्द राखायचं काम थांबलेलं नाही. शीव कोळीवाड्यात, आमच्या दुसऱ्या मजल्यावर ते नाना बघतात.

नानांची जमीन म्हणजे ग्रिलमधल्या सोळा कुंड्या, मासळी बाजारातून आणलेली थर्माकोलची दोन खोकी आणि रंगाचे तीन रिकामे डबे. सातबारा नाही, पण बोलणं पाच एकरांचं. "यंदा मेथी चांगली आली," असं ते म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्याने किती आली ते विचारायचं नसतं. बटाटे घातले तर दोघांपुरती भाजी होते.

ऑक्टोबरचा उकाडा ओसरला, की नानांचा हंगाम सुरू. धने हाताने रगडून दोन फाका करायच्या आणि खोक्यात पेरायच्या. धने स्वयंपाकघरातले, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास नानींचा मसाला आणि नानांची कोथिंबीर यांत वाद असतो. मग थंडीची वाट. हवामान खातं मुंबईचं तापमान सांताक्रूझ आणि कुलाबा अशा दोन ठिकाणचं सांगतं. आम्ही मधोमध, त्यामुळे नानांना निवड करता येते. झाडांना पाणी कमी करायचं तर सांताक्रूझ. नानींनी अंघोळीला गरम पाणी काढू का विचारलं तर कुलाबा. २२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. नाना तेव्हा पाळण्यात होते, पण सांगतात असं, की थर्मामीटर त्यांनीच धरला होता.

सगळ्यात लाडकी शेवंती. तिला कळ्या धरायला लांबलचक रात्र लागते. मध्येच उजेड पडला की ती नुसती पानं काढत बसते. नेमका नानांच्या ग्रिलसमोर पालिकेचा पांढराफटक दिवा. त्यामुळे संध्याकाळी सहा वाजता शेवंतीवर काळा रेनकोट चढतो, तो सकाळी उतरतो. सहानंतर मजल्यावरच्या पोरांनी मोबाइलचा टॉर्च लावायचा नाही. गेल्या दिवाळीत आमचा आकाशकंदील याच कारणासाठी पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथे तो फक्त लिफ्टला दिसला.

हद्दीचा प्रश्न खरा पॅसेजमध्येच. पावसाळ्यानंतर माती बदलायला सगळ्या कुंड्या बाहेर येतात. परत जाताना चार राहतात. त्यातली मोगऱ्याची कुंडी दर वर्षी आमच्या उंबऱ्याकडे सरकते. मी एकदा विषय काढला. नानांनी चष्मा कपाळावर घेतला. "ऊन तिकडे सरकलंय. सूर्य दक्षिणायनात आहे, त्याला मी काय करू?"

"मग संक्रांतीनंतर कुंडी मागे घ्याल?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. मोगरा तेव्हा रुजलेला असेल."

खालच्या मजल्यावर कोळीण मावशी राहतात. नानांनी पाणी घातलं, की कुंड्यांतून थेट त्यांच्या सुकटीवर टपकतं. "नाना, माजं बोंबील सुकवाचं हाय का भिजवाचं?" हा आवाज आला, की नाना आत जाऊन रेडिओ मोठा करतात. पण तासाभराने त्याच मावशी मासळी धुतलेलं पाणी डब्यातून वर पाठवतात. गुलाब आणि कढीपत्ता त्यावर माजलेत. तुळशीचा तांब्या मात्र वेगळा. तो चुकून डब्याशेजारी ठेवला, तरी नाना घासून घेतात. वासाने मांजरं येतात आणि शेवंतीच्या रेनकोटाखाली झोपतात. त्यांनाही लांबलचक रात्र मानवते.

मार्गशीर्ष आला, की नानांचा खरा कस लागतो. गुरुवारी महालक्ष्मीच्या कलशाला पाच झाडांची पानं हवीत. नानांकडे आंबा, पेरू, चिकू, डाळिंब आणि सीताफळ; पाचांतल्या एकालाही आजवर फळ धरलेलं नाही. सकाळी दारात बायकांची रांग. "पूजा तुमची आणि टक्कल माझ्या झाडांना!" असं म्हणत नाना स्वतः कात्री घेऊन बसतात. एका घराला प्रत्येकी एक पान, जास्त नाही, आणि देठ तिरका कापायचा. सीताफळाचं पान मागणाऱ्या बाईला आधी सीताफळावरच्या पिठ्या ढेकणाची माहिती ऐकावी लागते.

गेल्या वर्षी हिने स्टेशनबाहेरच पानांची तयार जुडी घेतली. इतरांनीही घेतली असावी. त्या गुरुवारी आठ वाजले तरी नानांच्या दारात कुणी नाही. नाना तीनदा पॅसेजमध्ये आले. ओल्या कुंड्यांना पुन्हा पाणी घातलं. खालून मावशी ओरडल्या, तरी रेडिओ लावायला गेले नाहीत. शेवटी आमची बेल वाजली. हातात पाच पानं, देठ तिरके.

"छाटणी करायचीच होती," नाना म्हणाले.

हिने कलशातली जुडी पदराआड काढली आणि नानांची पानं लावली. नानांनी ती डोकावून पाहिली, चिकूचं पान जरा सरळ करायला सांगितलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मोगऱ्याची कुंडी आमच्या उंबऱ्याला चार बोटं आणखी जवळ होती. आम्ही काही बोललो नाही. सूर्याला कोण विचारणार?