लाथ मारीन तिथे

"काकू, जरा लाथ मारता का?" असं सकाळी सकाळी दारात उभं राहून, हात जोडून, अदबीनं विचारणारी तरुण पोरं महाराष्ट्रात आणखी कुणाच्या नशिबी असतील असं मला वाटत नाही. मी पायाळू. जगात येताना डोक्याऐवजी पाय पुढे केले, आणि पोरीच्या पायात गुण आहे असं आजीनं त्याच दिवशी जाहीर करून टाकलं. डोक्याविषयी ती काही बोलली नाही. पायाळू माणसावर वीज पडते, त्याला जमिनीखालचं धन दिसतं, असंही सांगतात. वीज अजून पडलेली नाही, आणि धन दिसलं असतं तर निवृत्त होईपर्यंत मी सांगलीतल्या प्राथमिक शाळेत पाढे घोकवत बसले नसते. पण तिसरी समजूत मला कायमची चिकटली. उसण भरलेल्या कमरेला पायाळूचा पाय लागला की उसण उतरते.

लाथ म्हणायची पद्धत आहे, एरवी काम अगदी सौम्य. रोग्यानं पालथं पडायचं आणि मी उजव्या पायाचा अंगठा कमरेला तीनदा लावायचा. माणूस वयानं मोठा असेल तर आधी त्याच्या पाया पडायचं, मग त्याला पाय लावायचा, मग पुन्हा पाया पडायचं. लहानपणी एकदा आमच्या मुख्याध्यापकांना उसण भरली, तेव्हा अख्ख्या शाळेच्या मनात असलेलं काम करण्याचा मान माझ्या वाट्याला आला.

पूर्वीचं गिऱ्हाईक ठरलेलं असायचं. गॅसचं सिलिंडर सरकवलेले काका, पाण्याची घागर कडेवर घेताना लचकलेली सून, गणपतीचा पाट एकट्यानं उचलून दाखवणारे जावई. आमची पेठ हळदीची, त्यामुळे मधूनच एखादा हमालही यायचा. त्यातला एक म्हातारा पालथा पडल्या पडल्या मला म्हणाला होता, "बाई, पोतं आंगाला चिकटून हाय तवर आपलं. हातभर लांब गेलं की त्येच आपल्याला उचलतंय." पुढे व्यायामशास्त्राबद्दल जे काही ऐकलं, त्यात या वाक्यापलीकडचं फारसं काही सापडलं नाही.

मग आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जिम निघाली आणि माझ्या पायाला उसंत उरली नाही.

जिमवाल्या पोरांची उसण वेगळीच. तिला नाव असतं, वजन असतं आणि व्हिडिओही असतो. "काकू, डेडलिफ्ट मारताना गेली," असं सांगून पोरगं आधी मोबाईल दाखवणार आणि मग काटकोनात वाकून आत येणार. व्हिडिओत दिसतं ते असं: जमिनीवर लोखंडी दांडा. नुसता दांडाच 20 किलोचा. त्याला दोन्हीकडे चकत्या. पोरगं दांड्यापासून अंतर राखून उभं राहतं, पाठीची कमान करतं, श्वास कुठेतरी विसरतं आणि मागून मित्र ओरडतो, "उचल भावा!" भाऊ उचलतो. दांडाही थोडा उचलला जातो. मागच्या आठवड्यात 60 किलो झाले होते, म्हणून या आठवड्यात 100. मधले आकडे कुठे गेले विचारलं तर सांगतात, "वॉर्मअपला वेळ नव्हता."

आमचा धंदा असा तेजीत असताना फिजिओथेरपी शिकून आलेली माझी भाची मुक्कामाला आली. दोन दिवस तिनं माझा दवाखाना पाहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मावशी, तुझा गुण येतो कुठून माहीत आहे? अचानक धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप सुटते. माणूस दुखणं अगदी शिगेला पोचलं की तुझ्याकडे येतो. त्यानंतर ते उतरणारच. तू पाय लाव नाहीतर हात लाव."

मला राग यायला हवा होता. पण तिनं त्याच हिशेबात आंबेहळदीचा लेप, निर्गुडीचा शेक, कमरेचा पट्टा आणि आमच्या गल्लीतले तेल चोळणारे अण्णा अशा सगळ्यांनाच ओढलं, तेव्हा बरं वाटलं. प्रतिस्पर्धीही बुडत असतील तर बुडायला हरकत नसते.

तिचा खरा राग होता खाटेवर. कंबर धरली की माणसाला आडवं करायचं आणि पंधरा दिवस उठू द्यायचं नाही, ही आपल्याकडची माया. ती म्हणते, असं पडून राहण्यानं दुखणं लांबतं. सोसेल तेवढं चालावं, दर थोड्या वेळानं कूस आणि बैठक बदलावी. एमआरआयचं पाकीट छातीशी धरून आलेल्या एका पोराला तिनं सांगितलं, की कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे फोटो तपासले तेव्हा विशीतल्या साधारण 30 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 84 टक्के लोकांच्या मणक्यातली चकती फुगलेली निघाली. फुगलेली चकती बरेचदा पांढऱ्या केसासारखी असते: असते, आणि तिचं काही म्हणणं नसतं. पोरगं पाकीट खाली ठेवून सरळ उभं राहिलं. माझ्या पायानं इतक्या लवकर कुणी सरळ झालेलं मी पाहिलेलं नाही.

आता आमचा संयुक्त कारभार आहे. लाथ माझी, पुढचं तिचं. जाळी काढायच्या कुंच्याचा दांडा ती पोराच्या पाठीला उभा लावते. डोकं, खांदे आणि माकडहाड, तिन्ही दांड्याला टेकलेली ठेवून कमरेतून नव्हे, खुब्यातून वाकायचं. शंभर किलोची भाषा करणारा गडी या कुंच्यापुढे घामाघूम होतो. कुंचा जमला की रिकामा दांडा, तोही नडगीला घासत वर येईल इतका जवळ. उचलण्याआधी पोटात श्वास भरून पोट घट्ट. त्यानंतर चकत्या, अगदी लहान. दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत होत असेल तर चालू ठेवायचं, नाहीतर एक पायरी खाली यायचं.

"म्हणजे वजनानं गेलेली कंबर वजनानंच आणायची?" मी विचारलं. तेव्हा तिनं थॉमस डेलॉर्मची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं पडून राहण्याऐवजी लोखंड उचलायला लावलं, वजन पायरीपायरीनं वाढवत. 1945 मध्ये त्यानं ते लिहून काढलं आणि पुढे प्रत्येकी दहा वेळांचे तीन सेट अशी त्याची मांडणी केली. जिममधली पोरं छाती पुढे काढून ज्या "थ्री सेट्स ऑफ टेन"चा घोष करतात, ते मुळात आजारी माणसाचं पथ्य आहे. हे मी त्यांना ऐकवलं. कुणाला आवडलं नाही.

पोरांचा आवडता दाखला संकेत सरगरचा. आमच्याच सांगलीचा. बर्मिंगहॅमला 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात एकूण 248 किलो उचलून रौप्य. 139 किलोच्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं, तरी गडी पुन्हा दांड्याकडे गेला. सुवर्ण एका किलोनं हुकलं. पोरं म्हणतात, "बघा काकू, दुखत असताना पण उचलायचं." अरे बाबांनो, तो देशासाठी मंचावर उभा होता, तुम्ही रीलसाठी! दाखलाच हवा तर मीराबाई चानूचा घ्या. 2018 मध्ये कंबर दुखावली तेव्हा तिनं आशियाई स्पर्धा सोडली, पुढच्या वर्षी परतली, आणि टोकियोत 202 किलोचं रौप्य घेऊन आली. पण सोडलेल्या स्पर्धेचा व्हिडिओ नसतो, त्यामुळे तो दाखला चालत नाही.

माझीही काळजी आहेच. शंभरातली तीन-चार बाळं शेवटपर्यंत डोकं खाली करत नाहीत, पण हल्ली त्यातली बहुतेक सिझेरियननं बाहेर येतात. पाय आधी की डोकं आधी, हा प्रश्नच मिटला. आमची जमात संपत चालली आहे आणि जिम मात्र चौकाचौकात निघताहेत. तेव्हा एकदाच सांगून ठेवते. पायातला जोर कमी झाला असेल, मांड्यांमधला भाग बधिर वाटत असेल, लघवी अडली असेल किंवा तिच्यावर ताबा राहिला नसेल, तर माझा जिना चढू नका, तडक इस्पितळ गाठा. बाकीच्यांनी संध्याकाळी पाचनंतर यावं. मोबाईल बंद ठेवावा, आणि येताना स्वतःचा कुंचा आणावा, आमचा मोडलाय.