मालकाची मुलाखत

पाडव्याला सालगड्याचं साल संपतं आणि पाडव्यालाच नवं धरलं जातं. शिरूर अनंतपाळ तालुक्यात गुढीच्या आधी गडी उभा करावा लागतो, आणि तो उभा राहीना झालाय. म्हणून हुशार मालक वाट पाहत नाहीत. उजेड गावात जानेवारीत गांधीबाबाची यात्रा भरते, तिथंच गड्याला रहाटपाळण्याखाली गाठून भजी खाऊ घालतात. स्वावलंबन शिकवणाऱ्या म्हाताऱ्याच्या यात्रेत हे चालतं, त्याला कोण काय करणार?

पूर्वी गडी मालकाच्या ढाळजेत खाली मान घालून उभा राहायचा. आता मालकच अंधार पडल्यावर गड्याच्या घरी जातो. दिवसा गेलं तर शेजारचा बांधकरी पाच हजार जास्त बोलून जाईल, ही भीती. प्रश्न गडी विचारतो. जनावरं किती? ट्रॅक्टर हाय का अजून बैलंच? लाईट दिवसाची का रातची? रातची दारं कोण धरणार? मालक तोंडी परीक्षेला बसल्यासारखा उत्तरं देतो. आकडा लाखाच्या पुढं सरकतो. वर ज्वारी, गहू आणि उचल.

कंपन्या आता ‘जॉइनिंग बोनस’ देतात म्हणून पेपरात कौतुक छापून येतं. आपल्याकडं उचल पिढ्यान्‌पिढ्या आहे. फरक एवढाच, की ती फिटेपर्यंत माणूस सुटायचा नाही. १९७६ला कायद्यानं वेठबिगारी बंद झाली. कायद्यानं, असं मुद्दाम म्हणतो. आता उलटी चिंता आहे. उचल घेतलेला गडी आखाडात पुण्याला निघून गेला तर?

सोयाबीन काढणीला तर सगळ्या गावाची रास एकाच आठवड्यात. ढग दिसला की गुत्त्याचा भाव चढतो. टोळी म्हणेल तो दर, वर ॲपेचं भाडं मालकाकडं. माल घेऊन मालक अडत्याकडं गेला की तिथं दर अडत्या सांगतो. २०२४ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजारात सौदे त्याच्या बरेच खाली झाले. म्हणजे घेताना दुसऱ्याचा भाव आणि विकतानाही दुसऱ्याचाच. या चिडीचं काय करायचं? ते अडत्यापुढं बोलता येत नाही, म्हणून पारावर बोलायचं: “फुकटच्या राशननं माणसं माजलीत. कामाला कुणी तयार नाही.”

असं म्हणणाऱ्या आबांचा पोरगा लातुरात खोली करून राहतो. चौथं वर्ष, पोलीस भरती. २०२४च्या भरतीत १७,४७१ जागांना १७ लाखांवर अर्ज आले होते. शेतात माणूस मिळेना आणि मैदानावर माणूस मावेना. पण राशनवर जगणारा आळशी आणि बापाच्या पैशावर पळणारा मेहनती, यात आबांना काही खटकत नाही.

यंदा आबा गड्याकडं गेले तेव्हा बोलणी बरीच ताणली. शेवटी गडी म्हणाला, “मालक, माझी आता कंबर धरती. धाकल्या मालकाला आणा की शेतात.”

“त्याची भरती आहे. तुझ्या पोराला घेऊन ये, दोघांचं साल धरू.”

“ते बी लातूरलाच हाय, मालक. तुमच्या लेकराच्याच खोलीत. भाडं निम्मं निम्मं.”