अमरत्वाचा अल्पपरिचित मार्ग

जीवाश्मांच्या संग्रहालयात शिरलेला सुशिक्षित मराठी माणूस दोन्ही हात पाठीमागे बांधून चालतो आणि ज्या पाटीतले काहीही कळलेले नाही तिच्यापुढे सर्वांत जास्त वेळ मान डोलावतो. प्रस्तुत लेखक या पंथाचा निष्ठावंत अनुयायी असून, ‘क्रिटेशस’ हा शब्द, म्हणजे सुमारे साडेचौदा कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा कालखंड, तो शेजारच्या कुटुंबालाही ऐकू जाईल अशा बेताने उच्चारतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात सापडलेल्या ‘बारापासॉरस टागोरेई’ या शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा उभा आहे. त्याच्या नावात रवींद्रनाथ टागोर विराजमान आहेत हे कळल्यापासून तर कोणत्याही बेवारस हाडाकडे प्रस्तुत लेखकाला निरपेक्ष बुद्धीने पाहता आलेले नाही.

मात्र साहित्यिकाचा ताठा खरा उतरतो तो विष्ठाश्मापुढे, म्हणजे खनिजे झिरपून दगड झालेल्या प्राण्याच्या विष्ठेपुढे. या विषयाला एक वाक्य पुरावे असे सभ्यता सांगते, पण सभ्यतेने भूविज्ञानाचे कधी भले केलेले नाही. या वस्तूला १८२९ मध्ये शास्त्रीय नाव देणारे विल्यम बकलंड हे धर्मोपदेशकही होते, आणि विष्ठाश्मांचे काप जडवलेले त्यांचे टेबल इंग्लंडमधील लाइम रीजिसच्या संग्रहालयात आजही जपलेले आहे. प्रस्तुत लेखकाचे समग्र वाङ्मय ज्या टेबलावर जन्मले ते भंगारवाल्याने घासाघीस करून नेले.

आणि बकलंडांच्या टेबलापेक्षाही थोर कामगिरी चंद्रपूर जिल्ह्याच्या नावावर आहे. वरोरा तालुक्यातील पिजदुरा येथे दख्खनच्या लाव्हाच्या काळातील लमेटा थरांत सापडलेल्या विष्ठाश्मांत वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना फायटोलिथ, म्हणजे वनस्पतींच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, आढळले व त्यांवरून गवताचे निदान पाच प्रकार ओळखता आले. गवत डायनोसॉरांच्या अस्तानंतर उगवले हा रूढ समज २००५ च्या त्या शोधाने मोडला. एका प्राण्याच्या पचनाने पाठ्यपुस्तक बदलले. प्रस्तुत लेखकाच्या ग्रंथांना साध्या ग्रंथपालाचे मत बदलता आलेले नाही.

येथे विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. जीवाश्माचा निम्मा अर्थ तो कोणत्या थरात, कशाशेजारी पडला होता यात असतो, आणि दिवाणखान्यातील काचेच्या कपाटासाठी कोणी तो उचलला की तो अर्थ कायमचा पुसला जातो. ‘आमच्याकडे डायनोसॉरचे हाड आहे’ असे पाहुण्यांना सांगण्याचा मोह प्रस्तुत लेखकाला पुरेपूर ठाऊक आहे, म्हणूनच त्याला या मोहाचा मनस्वी राग येतो. पूर्व विदर्भात रानातून हिंडताना विचित्र दगड दिसलाच, तर वाचकाने त्याचे छायाचित्र काढावे, जागा टिपून जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला कळवावी आणि दगड जिथे आहे तिथेच राहू द्यावा.