हद्दीबाहेरचा धूर

ज्या कार्याला पैसा लागत नाही, ज्याचे श्रेय एका छायाचित्रात मावते आणि ज्याच्या अपयशाचा जाब विचारण्यास पुढील पंचवीस वर्षे तरी कोणी येईल अशी धास्ती नसते, ते विद्यार्थ्यांच्या नेतृत्वाखाली पार पाडावे, असा शिक्षणसंस्थांचा अलिखित दंडक आहे. आणि त्यालाच अनुसरून आमच्या परिचयाच्या एका शाळेच्या कार्यकारी मंडळाने सुवर्णमहोत्सवी वर्षात शाळा कर्बतटस्थ करण्याचा ठराव एकमताने मंजूर करून तो अंमलबजावणीसाठी इयत्ता नववीकडे वर्ग केला. नववीच का, तर दहावीला परीक्षा असते आणि मंडळाला वेळ नसतो.

हिंदुस्थान सरकारने 2021 साली ग्लासगोच्या परिषदेत याच कामासाठी 2070 सालापर्यंतची मुदत जाहीर केली. म्हणजे आज चौदा वर्षांचा असलेला मुलगा पुढेमागे राज्य सरकारच्या चाकरीत चिकटलाच, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच्या हाती निवृत्तीचा नारळ पडेल, त्याच सुमारास देशाचाही हिशेब शून्यावर येईल. शाळेने मात्र येत्या 26 जानेवारीची मुदत घातली, कारण त्या दिवशी पालकमंत्री झेंडावंदनाला यायचे होते.

मंडळाची अपेक्षा वास्तविक माफक होती: हिरव्या टोप्या, एक प्रभातफेरी, घोषवाक्यांची स्पर्धा आणि प्रवेशद्वारावर संगमरवरी फलक. परंतु या मुलांना गणिताच्या बाईंनी जमाखर्च मांडायला शिकवले होते, आणि शिकवलेले प्रत्यक्ष व्यवहारात वापरायचे नसते ही ताकीद द्यायचे सर्वांच्याच ध्यानातून राहून गेले. जिन्याखालच्या अडगळीत, मोडक्या बाकांच्या आणि गणपतीच्या जुन्या मखराच्या मागे, शाळेचा वीजमीटर आहे. नववीतील एक मुलगी रोज सकाळी व सायंकाळी बाकावर चढून, विजेरीच्या उजेडात त्याचा आकडा वहीत टिपून घेऊ लागली आणि शिपाईमामा तो डुगडुगता बाक धरून उभे राहू लागले. पंधरवड्यात तिला असे आढळले, की रविवारीही मीटर मुकाट्याने पळत असतो. शोध घेता घेता मुले अध्यक्षांच्या दालनापाशी पोहोचली. अध्यक्ष महिन्यातून एखाद्या वेळी येत. वातानुकूलन यंत्र मात्र, साहेब अचानक आले तर खोली तापलेली नको, या दूरदृष्टीने बारमाही चालू असे.

दिवसाला 12 युनिट, म्हणजे वर्षाला 4380. युनिटमागे सुमारे 0.7 किलो कर्बवायू धरला, तर एकट्या त्या दालनाचे तीन हजार किलोंहून अधिक होतात. वाढलेले झाड वर्षाला वीसएक किलो वायू शोषते असा ढोबळ हिशेब सांगतात. सबब अध्यक्षांच्या अनुपस्थितीला थंड राखण्यासाठी दीडशे झाडे हवीत, आणि शाळेच्या आवारात झाडे आहेत अकरा. याखेरीज शालेय पोषण आहाराच्या 14.2 किलोच्या प्रत्येक सिलिंडरमागे सुमारे 42 किलो, आणि स्नेहसंमेलनाच्या जनित्रात जळणाऱ्या डिझेलच्या दर लिटरमागे 2.7 किलो. सर्वांत मोठी रक्कम निघाली ती फाटकासमोर इंजिन चालू ठेवून पाल्याची वाट पाहणाऱ्या मोटारींची. मुलांनी पालकांच्याच नावावर इतकी थकबाकी काढावी, याला आम्ही तरी संस्कार म्हणतो.

हा ताळेबंद सभेपुढे आला तेव्हा अध्यक्षांनी वडीलकीच्या स्वरात विचारले, "अरे, पण आपल्या शाळेला धुराडे आहे कुठे?"

"चंद्रपूरला आहे, सर," एक मुलगा उभा राहून म्हणाला, आणि तिथल्या 2920 मेगावॅटच्या औष्णिक केंद्रात कोळसा कसा जळतो ते सांगू लागला. त्याला बसवण्यात आले.

कोषाध्यक्षांनी तोडगा सुचवला, की बाजारात कार्बनचे रोखे मिळतात ते घ्यावेत. दूरच्या कुठल्याशा डोंगरावर कोणीतरी झाडे राखतो आणि पुण्य आपल्या खाती जमा होते, जसे भटजींना दक्षिणा देऊन यजमानाने आपले अनुष्ठान त्यांच्याकडून करवून घ्यावे. दक्षिणेचा आकडा कळल्यावर सूचना बारगळली. तेव्हा सचिवांनी, जे पेशाने वकील आहेत, मुलांच्याच फायलीतून 2001 साली प्रसिद्ध झालेला 'ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल' काढून वाचला. त्यात उत्सर्जनाची तीन वर्तुळे आखली आहेत: पहिले स्वतः जाळलेल्या इंधनाचे, दुसरे विकत घेतलेल्या विजेचे, आणि तिसरे प्रवासासारख्या इतर अप्रत्यक्ष बाबींचे, पैकी तिसऱ्याचा हिशेब देणे ऐच्छिक आहे. ऐच्छिक विषयाला या शाळेत एवढा आदर याआधी कधी मिळाला नव्हता. मोटारी तत्काळ वगळण्यात आल्या, आणि अधिक खबरदारी म्हणून पालकांनी त्या फाटकापासून दोनशे पावलांवर, म्हणजे नगरपालिकेच्या धुरात, उभ्या कराव्यात असे परिपत्रक निघाले. जनित्र मंडपवाल्याचे, तेव्हा धूरही त्याचाच. राहता राहिले वातानुकूलन यंत्र. ते दुसऱ्या वर्तुळात पडत असल्याने ऐच्छिक म्हणता येईना. सबब "अध्यक्षांचे दालन हे शैक्षणिक प्रयोजनाचे नसल्याने शाळेच्या हद्दीत गणले जाऊ नये" असा ठराव झाला. वकिली बुद्धीचे आम्हाला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. ज्या गोष्टीसाठी शास्त्रज्ञांना सौरपट्ट्या आणि पवनचक्क्या लागतात, ती त्यांनी एका उपवाक्यात साधली. उरलेल्या हिशेबात पोषण आहाराची खिचडी, वर्गांतले पंखे आणि अकरा झाडे एवढेच राहिले. फरक थोडा होता; तो वर्गांतले पंखे मधल्या सुट्टीनंतर बंद ठेवून भरून काढला.

26 जानेवारीला फलकाचे अनावरण झाले. मंत्रिमहोदयांच्या ताफ्यातल्या सात मोटारी इंजिने चालू ठेवून दोनशे पावलांच्या अलीकडे उभ्या होत्या, परंतु राजशिष्टाचाराला वर्तुळे लागू नसतात.

पुढच्याच सोमवारी नववीच्या वर्गाने मुख्याध्यापकांकडे रीतसर अर्ज दिला. त्यात म्हटले होते, की ज्या अर्थी अध्यक्षांचे दालन शाळेच्या हद्दीबाहेर ठरले आहे, त्या अर्थी त्याचे वीजबिल शाळेच्या निधीतून भरणे नियमबाह्य होय. तरी मागील तीन वर्षांची रक्कम संबंधितांकडून वसूल करून तीतून वर्गांवर सौरपट्ट्या बसवाव्यात, हे न जमल्यास दालन पुनश्च हद्दीत घेऊन तिथे प्रयोगशाळा भरवण्याची परवानगी मिळावी. सोबत मीटरच्या वहीची साक्षांकित प्रत जोडली होती. अर्जाला आवक क्रमांक पडला असून, त्यावर "अर्जदारांचे पालक कोण, कोठे नोकरीस आहेत, चौकशी करून अहवाल द्यावा" असा शेरा मारून तो सचिवांकडे गेला आहे.