खुलासा करावा

फोकसकाका केंद्र सरकारच्या लेखापरीक्षण खात्यातून रीतसर निवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं. खातं मात्र अजून त्यांच्यात नोकरीला आहे. पूर्वी ते लोकांच्या कपाटातली व्हाउचरं बाहेर काढायचे, आता आमच्या कोथरूडच्या सोसायटीत खिशातला नवा फोन काढायला लावतात. अमक्यानं खास कॅमेऱ्यासाठी म्हणून फोन घेतला ही बातमी त्यांना लिफ्टमध्येच लागते आणि संध्याकाळी काका दारात हजर. ‘नुसता बघतो’ म्हणतात. मग तो फोन आठवडाभर मालकाच्या दृष्टीस पडत नाही. दुकानदारानं दिलेली परतीची मुदत सात दिवसांची. काकांचा अहवाल येतो आठव्या दिवशी, आणि हा फोन का घेऊ नये हे त्यात सप्रमाण सिद्ध केलेलं असतं.

अहवाल फुलस्केप वहीत, समास सोडून. निरीक्षणं निळ्या शाईत, आक्षेप तांबड्या. प्रत्येक आक्षेपाखाली ‘खुलासा करावा’. खुलासा कोरियातल्या किंवा चीनमधल्या अभियंत्यानं करायचा असतो, पण तो कोथरूडला राहत नसल्यामुळे ज्यानं पैसे भरले त्यालाच करावा लागतो.

तळमजल्यावरच्या मुलानं दोनशे मेगापिक्सेलवाला फोन आणला, तेव्हाची गोष्ट. काकांनी फोटो काढून त्याची माहिती उघडली, तर तिथे साडेबारा. मुलाला बोलावणं गेलं.

‘जमेला दोनशे. प्रत्यक्षात साडेबारा. बाकीचे एकशे साडेसत्त्याऐंशी कुठे गेले?’

पोरगं हुशार. ते म्हणालं, ‘काका, शेजारचे सोळा पिक्सेल मिळून एक होतात. एकेकट्याला प्रकाश फार थोडा मिळतो. सगळ्यांचा एकत्र केला की अंधारातला फोटो जरा स्वच्छ येतो. पूर्ण दोनशे हवे असतील तर सेटिंगमध्ये जाऊन मागावे लागतात.’

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘म्हणजे बचत गट. मग जाहिरातीत सभासदसंख्या कशाला छापता? ठेव किती ती छापा.’

आणि हे तांबड्या शाईत लिहिलं.

लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात विक्रेत्यानं ‘सर, एक इंची सेन्सर आहे’ म्हणताच त्यांनी शर्टाच्या खिशातून स्टीलची पट्टी काढली होती. ‘एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. ह्या सेन्सरचा कर्ण भरतो जेमतेम सोळा. नऊ मिलिमीटरचा अपहार कोणी केला?’ विक्रेत्यानं मॅनेजरकडे पाहिलं, मॅनेजरनं एसीकडे. खुलासा असा आहे की हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांचं. नळीचा बाहेरचा व्यास इंचभर असायचा, चित्र उमटायचं त्याहून लहान जागेत. नळ्या गेल्या, इंच राहिला. काकांना हे ठाऊक होतं. पद रद्द होऊनही भत्ता चालू राहिल्याची प्रकरणं त्यांनी नोकरीत ढिगानं पाहिली होती. विक्रेत्याला ठाऊक आहे का, तेवढं तपासायचं होतं.

जुन्याबद्दल त्यांना आदर नाही असं नाही. २००० साली जपानमध्ये शार्पनं कॅमेऱ्याचा फोन काढला, त्यात पिक्सेल होते एक लाख दहा हजार. ‘पण एक लाख दहा हजार म्हटले म्हणजे तेवढे होते!’ आणि नोकिया ८०८चं नाव निघालं की काका कानाची पाळी धरतात. २०१२ साली एक्केचाळीस मेगापिक्सेल. ‘आणि तेही सांगून-सवरून एकत्र करायचा हो. लपवाछपवी नाही.’

कंपन्या फोनची परीक्षा आइसलँडच्या धबधब्यावर घेतात. काका मंडईत घेतात, आणि माझ्या मते काकांची पद्धत जास्त सचोटीची आहे. फोन घेणारा धबधब्यावर क्वचितच जातो, वांगी आणायला रोज जातो. सकाळी साडेसातला काका महात्मा फुले मंडईच्या त्या १८८६ सालच्या दगडी इमारतीसमोर उभे असतात. आधी मनोऱ्याचा फोटो, त्याच्या कडा चौकटीच्या कोपऱ्यात वाकतात का ते बघायला. मग आत भाजी. टोमॅटोचा लाल फाटतो का, वांग्याचा जांभळा काळा पडतो का, कोथिंबिरीची पानं सुटी दिसतात की हिरवा लगदा होतो. लगदा झाला की काका खूष. आक्षेप मिळाला. गाळ्यावरच्या मावशींनी एकदा हे सगळं शांतपणे पाहून विचारलं, ‘ओ काका, भाजीचं लग्न ठरवताय काय? पावशेर तरी घ्या!’ काकांनी पावशेर वांगी घेतली आणि घरी जाऊन फोटोतल्या वांग्यांशी ताडून पाहिली.

झूमसाठी पाट्या. काकांच्या मते पुणेरी पाटीसारखा तक्ता कुठल्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही. वरची ओळ ठसठशीत, मग लिहिणाऱ्याचा राग वाढत जातो आणि जागा संपत जाते, तशी अक्षरं बारीक होतात. रस्त्यापलीकडून फाटकाबद्दलची सूचना वाचता आली तर फोन पास. वेळेबद्दलची वाचता आली तर उत्तम. सगळ्यांत खाली कंसात जो टोमणा असतो, तो आजवर एकाच फोननं वाचला, आणि तो टोमणा फोटो काढणाऱ्यांबद्दलच होता.

काकूंच्या वाट्याला पोर्ट्रेट आलं. त्या खिडकीशी निम्म्या उन्हात, निम्म्या सावलीत उभ्या राहतात. ‘हलू नकोस, केसांची कड तपासतोय.’ पार्श्वभूमी धूसर करताना फोन त्यांच्या कानामागच्या दोन पांढऱ्या बटा हमखास खाऊन टाकतो. काका तो फोटो मोठा करून बटा शोधत बसतात आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. एका फोननं काकूंच्या कपाळावरच्या सुरकुत्या पुसून रंगही दोन घरं उजळ केला. काकांनी तांबडं पेन उघडलं. काकू म्हणाल्या, ‘अहो, एवढा एक आक्षेप मागे घ्या.’ घेतला नाही.

समारंभात मात्र काकांना फोटो काढायला सांगू नये. दुसऱ्या मजल्यावरच्या बारशाला नेमकं सांगितलं. बाळाच्या आईला दुसऱ्या दिवशी जे मिळालं त्यात निरांजनाची ज्योत होती (उजेडाचा भाग पांढरा फटक पडतो का), पाळण्याच्या जाळीची वीण होती (नागमोडी पट्टे उमटतात का), आत्याबाईंच्या शालूचा काठ होता, आणि तोच काठ दुसऱ्या फोननं काढलेला. बाळ एका फोटोत होतं. त्याच्या नाकावर फोकस न बसता मागच्या फुग्यावर बसला म्हणून तो पुराव्यादाखल ठेवला होता.

वाहनावरच्या चाचणीत काकूंना बढती मिळाली. मोटारसायकलच्या इंजिनाची जोरकस कंपनं हँडलवर लावलेल्या फोनमधल्या, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेला बाधू शकतात, अशी सूचना अ‍ॅपलनं २०२१ साली काढली. काकांनी ती छापून वहीत चिकटवली. इंजिनाची भीती त्यांना नव्हती, स्कूटर त्यांची निवृत्तीला टेकलेली. पण कंपनांच्या बाबतीत पुण्याचे रस्ते इंजिनावर अवलंबून राहत नाहीत. तेव्हापासून फोन हँडलवर बसत नाही, मागे काकूंच्या दोन्ही हातांत बसतो. खड्डा दिसला की काका ‘फोन!’ असं ओरडतात.

२०२३च्या मार्चमध्ये चंद्राचं प्रकरण गाजलं. एकानं चंद्राचा मुद्दाम पुसट केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला, सॅमसंगच्या फोननं तो लांबून टिपला, आणि मूळ फोटोत नसलेले खड्डे उमटले. कंपनीनं सांगितलं की फोन चंद्र ओळखतो आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं तपशील ठळक करतो. काकांच्या खात्यात ह्याला बनावट दस्तऐवज म्हणतात. त्या कोजागिरीला गच्चीवर आम्ही सगळे दूध आटायची वाट बघत होतो, आणि काका टाकीच्या शिडीवर चढून हातात तांदळाची भाकरी वर धरून उभे होते. खालून भाच्यानं फोन रोखलेला. भाकरीवर खड्डे उमटतात का, ही परीक्षा. फोननं अर्धा सेकंद विचार केला आणि कोपऱ्यात काटा-चमच्याची खूण दाखवून खाद्यपदार्थांचा मोड लावला.

‘फोनला कळलं,’ काकू पातेल्यातलं दूध ढवळत म्हणाल्या. ‘आता तुम्ही उतरा.’

नोव्हेंबरात काकांचंच लेखापरीक्षण झालं. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१पासून तो चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, फोनचा कॅमेरा पुरतो. काकांनी त्यासाठी त्या वेळी तपासणीला आलेला सगळ्यांत महागडा फोन निवडला आणि खिडकीकडे पाठ करून बसले. उजेड मागून आल्यावर चेहरा कसा येतो, हेही त्यातच उरकायचं होतं. पडद्यावर चेहरा गोलात धरायची सूचना आली. काकांनी चौकट सुधारली. मग डोळ्यांची उघडझाप करा, अशी सूचना आली. जन्मभर लोकांना ‘डोळे मिटू नका’ सांगितलेला माणूस. पापणी लवेना. फोननं नकार दिला. पुन्हा बसले, पुन्हा नकार. सरकारी यंत्रणेनं त्यांचं हयात असणं ग्राह्य धरलं नाही, आणि काकांना त्यात नियमबाह्य असं काही सापडेना.

शेवटी काकू पुढे झाल्या. आपला जुना फोन, काच एका कोपऱ्यात तडकलेली, काकांच्या नाकासमोर धरला आणि म्हणाल्या, ‘अहो, गॅस चालू राहिलाय का बघा बरं.’ काकांनी दचकून दोनदा पापण्या मिटल्या. दाखला मिळाला.

काकांनी काकूंचा फोन हातात घेऊन कॅमेऱ्याची भिंगं खालून-वरून निरखली. ‘सुमार आहे,’ म्हणाले. ‘हा कुठल्या साली घेतला आपण? ह्याचा अहवाल वहीत दिसत नाही.’

‘नाहीच आहे,’ काकू म्हणाल्या आणि फोन काढून घेऊन कमरेला खोचला.