दिपोटी आणि होयबा

घरी बनवलेला माझा फ्रिक्वेन्सी काउंटर खोटं बोलत होता. १० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर जोडला की १३ म्हणायचा, लहर लागली तर १४. बिघाड शोधायला ऑसिलोस्कोपचा प्रोब क्लॉकच्या पायावर टेकवला, तर आकडा झटकन १० वर येऊन हाताची घडी घालून बसला. प्रोब काढला, १३. टेकवला, १०. हा खेळ मी अर्धा तास खेळलो.

आमच्या शाळेत तपासणीला दिपोटी यायचे तेव्हा अगदी असंच व्हायचं. एरवी बाकांवरून उड्या मारणारा वर्ग त्या दिवशी केसांना तेल चोपडून, शुभ्र सदऱ्यात, पाढे म्हणायचा. दिपोटी ‘शिस्त समाधानकारक’ असा शेरा मारून जायचे आणि त्यांची पाठ वळली की पहिली शाई माझ्याच सदऱ्यावर उडायची.

आई शेजारी तांदूळ निवडत होती. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे दृष्टी माझ्यापेक्षा बरी. ताटावरची नजर न काढता म्हणाली, “मग ते टोचणं लावूनच ठेव की.”

मी हसलो. निवृत्त असलो म्हणून काय झालं, इंजिनिअर आहे.

आता या टोचण्याची गंमत सांगतो. साध्या दहापट प्रोबवर ‘१० मेगाओहम’ असं दिमाखात छापलेलं असतं. म्हणजे पाहुणा दारातच सांगतो, “वहिनी, जेवून आलोय, फक्त पाणी द्या.” पण त्याच्या टोकाशी दहाएक पिकोफॅरडची कपॅसिटन्स लपलेली असते, आणि १०० मेगाहर्ट्झला तिचा अडथळा उरतो फक्त १५९ ओहम! पाणी मागणारा पाहुणा पातेलं पुसून उठतो. माझा क्लॉक १० मेगाहर्ट्झचाच होता हे खरं, पण आजकालच्या वेगवान चिप दोनेक नॅनोसेकंदांत शून्यावरून वर उडी घेतात, आणि त्या उडीत शेकडो मेगाहर्ट्झ भरलेले असतात. त्यातच प्रोबची ती काळी, वीतभर अर्थ-वायर. पंधरा सेंटीमीटर म्हणजे साधारण १५० नॅनोहेन्री. दहा पिकोफॅरडशी तिची गाठ पडली की दोघं मिळून १३० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःचीच घंटा वाजवतात.

यावर औषध अ‍ॅक्टिव्ह प्रोब. सिग्नल वायरीतून लांब नेण्याआधी टोकापाशीच एक फेट, म्हणजे एका जातीचा ट्रान्झिस्टर, बसवायचा. त्याने सर्किटकडून जवळपास काही न घेता ऐकायचं आणि पुढे ५० ओहमच्या केबलमधून स्कोपला सांगायचं. मी विकतचा बघितला. त्या पैशांत बरी दुचाकी येते. “घरीच करतो,” मी जाहीर केलं, “तीनशे रुपयांत.” आमच्या घरात या वाक्याचा इतिहास चांगला नाही. हिने नुसती भुवई उचलली.

जुने लेख ज्याची आरती ओवाळतात तो बीएफ ८६२ फेट बनणंच बंद झालेला. मग बीएफ ९९८ ठरवला. हा टीव्हीच्या ट्यूनरमधला दोन गेटांचा मॉसफेट. तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “आजोबा, ट्यूनरवाला टीव्ही आता कोण दुरुस्त करतं?” आजोबा या शब्दाची काही गरज नव्हती. शेवटी भंगारातल्या एका टीव्हीचं ट्यूनर फोडून दोन फेट काढले. जेमतेम तीन मिलिमीटर लांब, चार पाय, त्यातला एक रुंद. पहिला चिमट्यातून उडाला तो थेट आईच्या ताटात. तिने तो खड्यांसोबत बाजूला काढला होता. “हा काळा, पाय असलेला होता, म्हटलं विचारावं.”

सर्किट म्हणाल तर सोर्स फॉलोअर. हा इलेक्ट्रॉनिक्समधला होयबा. साहेब उठले की उठायचं, साहेब बसले की बसायचं. पण यातच त्याची खुबी आहे. सिग्नल आत घेणारा पाय गेट, बाहेर देणारा सोर्स; गेट जितका वर जातो जवळपास तितकाच सोर्सही वर जातो, त्यामुळे दोघांमधली कपॅसिटन्स भरायची वेळच फारशी येत नाही. होयबाचा साहेबाला भार वाटत नाही, तो का, हे मला छत्तीस वर्षं नोकरी करून कळलं नव्हतं.

तरी ३.३ व्होल्टचा क्लॉक थेट दिला तर हा गुदमरतो. म्हणून त्याच्या पुढ्यात अर्ध्या पिकोफॅरडचा कपॅसिटर हवा. तो कुठून आणणार? १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन्ही बाजूंना तांबं असलेल्या बोर्डावर, समोरासमोर, चार मिलिमीटरचे दोन चौकोन ठेवले आणि बाकीचं तांबं खरवडून टाकलं. झाला कपॅसिटर. नंतर दाढीच्या पात्याने त्याचा कोपरा केसाकेसाने तासत बसलो. एवढी काळजी मी स्वतःच्या मिशीची घेतलेली नाही. टोकाला शिवणाची सुई, अर्थला बॉलपेनातली स्प्रिंग, अंगाला व्हाइटबोर्ड मार्करची नळी आणि आतून तांब्याची पट्टी. हिचा सुयांचा डबा एकीने कमी झाला, हे तिला तीन मिनिटांत कळलं.

बॅटरी लावली. स्कोपवरची रेघ भाकरीसारखी जाड. हात जवळ नेला की आणखी फुगायची. दुसऱ्याचं ऐकायला नेमलेला माणूस स्वतःच ताना घेत होता! गेटला ४७ ओहमचा रोध लावल्यावर गप्प झाला. साहेबाच्या कानाशी बसणाऱ्याला थोडा अडसर हवाच.

तपासायला लख्ख, वेगवान पल्स लागते. जिम विल्यम्स यांनी १९९१ साली एका टिपणात दिलेली युक्ती केली. २एन२३६९ या साध्या ट्रान्झिस्टरला ९० व्होल्टनी इतकं डिवचायचं की तो अर्ध्या नॅनोसेकंदाच्या आत फिसकटतो. हे विल्यम्स अ‍ॅनालॉगवाल्यांचे बुवा. २०११ साली ते गेल्यावर त्यांचं पसाऱ्याने भरलेलं टेबल कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहास संग्रहालयात आहे तसं मांडलं होतं. हे मी घरात मुद्दाम मोठ्याने सांगितलं. “तुमचंही न्या म्हणावं,” उत्तर आलं, “आजच.”

माझा जुना स्कोप ३५० मेगाहर्ट्झचा, म्हणजे त्याचा स्वतःचाच आळस एक नॅनोसेकंदाचा. प्रोबसकट १.२ दिसला. वर्गांची वजाबाकी केली तर प्रोबच्या वाट्याला येतात साधारण ५०० मेगाहर्ट्झ. मी वहीत दोन रेघा ओढल्या. खर्च तोवर ३,८७० रुपये झाला होता, सुई सोडून.

मग तो क्षण. सुई क्लॉकच्या पायावर टेकवली आणि काउंटरकडे बघितलं. १३! आकडा ढिम्म हलला नाही. चुकीचा आकडा बघून इतका आनंद झालेला माणूस सबंध सदाशिव पेठेत नसेल. दिपोटी वर्गात येऊन उभे होते आणि पोरांना पत्ताच नव्हता. स्कोपवर चोर लगेच दिसला. चढत्या उडीच्या मध्यावर एक बारीक खळगा, दीडेक नॅनोसेकंदाचा. वीतभर जंपर वायरीने केलेला. चिप तिथे अडखळायची आणि एकाच उडीचे कधीमधी दोन मोजायची.

खरा उपाय म्हणजे वायरीच्या सुरुवातीला ३३ ओहमचा रोध. ड्रॉवर उपसला. बावीस होते, सत्तेचाळीस होते, तेहेतीस संपलेले. रविवार, तापकीर गल्ली बंद. तळाशी एका पुडीत १० पिकोफॅरडचे कपॅसिटर सापडले, नगाला पन्नास पैसेवाले. दार लोटून घेतलं आणि एक हळूच क्लॉकच्या पायावर डकवला. १०.

कथलाचा धूर बाहेरच्या खोलीत गेला असावा.

“लावूनच ठेवलंस ना?” आईने विचारलं.